पहिला बार मिस्त्रीचा

मुहर्रक, बहारीन
१४ नोव्हेंबर २०२५

ती. रावजीमामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका. दीप्ती आणि स्पृहा मजेत आहेत. मीच मजेत नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, हे एक. आणि जे लिहायचंय ते मोबाईलवर लिहायची माझी छाती नाही, हे दुसरं. इथे बारा वर्षं झाली, पण बंदूक, काडतूस असले शब्द परक्या देशात मोबाईलवर टाईप करताना बोट थबकतं. म्हणून कागद. नेसरीचा विनीत इथे एअरपोर्टवर सामानाच्या खात्यात आहे. तो परवा सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती देतोय.

मी एक मूर्खपणा केलाय. आमच्या वर्कशॉपात बोटींचे शाफ्ट आणि पंखे दुरुस्त होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मालक फहाद चाळिशीचा, हसतमुख, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. गेल्या महिन्यात चहाच्या वेळी त्यानं आजोबांची शिकारीची रायफल आणून दाखवली. आजोबा मोत्यांचे व्यापारी, मुंबईला येऊन-जाऊन असायचे, तिथेच कधीतरी घेतलेली. नळी आतून गंजून खड्डे पडलेत. ती बघताना मला काय झालं कुणास ठाऊक. मी छाती काढून म्हणालो, "आमचं घराणंच बंदुकीच्या मिस्त्रींचं. मी स्वतः नळ्या बसवल्यात."

मामा, मी तुमच्या दुकानात काय केलंय ते तुम्हाला माहीत आहे. सातवीपर्यंत सुट्टीत झाडू मारला आणि तुम्हाला चहा आणून दिला. पुढे बाबांनी मला दुकानाची पायरी चढू दिली नाही, आयटीआयला घालून लेथवर उभं केलं.

फहादनं लगेच रायफल माझ्या टेबलावर ठेवली. लायसन त्याच्या नावावर आहे, केरळचा कमाल आमच्याकडे वेल्डर आहे, त्याला अरबी वाचता येतं, त्यानं वाचून दाखवलं. सगळं सरळ आहे. प्रश्न काडतुसाचा आहे. जुनी नळी सात सत्तावन्न मापाच्या काडतुसाची. फहादचे मित्र परदेशी शिकारीला जातात ते सगळे तीनशे आठ वापरतात, म्हणून यालाही तीच हवी. मी व्हर्नियरनं दोन्ही काडतुसांची बुडं मोजली. अगदी सारखी. काडतूस मागून धरणारा जुना बोल्ट तीनशे आठलाही बरोबर बसतो, काही घासावं लागत नाही. म्हणजे चालेल ना?

फेब्रुवारीत माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय. नाही म्हणालो तर खोटेपणा उघडा पडतो. हो म्हणावं तर ती रायफल मी रोज उचलतो आणि परत टेबलावर ठेवून देतो. तुम्ही, मी आणि बाबा बाजारात जायचो ते परवा आठवलं. बाबांना उजव्या डोळ्यानं दिसायचं नाही, म्हणून गर्दीत तुम्ही कायम त्यांच्या उजव्या बाजूनं चालायचात. आत्ता माझ्या बाजूनं कुणीतरी चालायला हवंय, असं वाटतंय.

लवकर लिहा.

तुमचा,
सुयोग


गडहिंग्लज
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सुयोग, आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून वाच. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय.

बढाई मारायला तुला दुसरं काही सापडलं नाही? स्वयंपाक येतो म्हणायचं होतंस. फार तर भात करपला असता.

आता नीट ऐक. बूड सारखं म्हणजे काडतूस सारखं नव्हे. चांगल्या चांगल्या मिस्त्रींना इथेच चकवा बसतो. बोल्ट धरतो म्हणून बसतं, बसतं म्हणून उडतं, आणि एकदा उडालं की माणसाला वाटतं, जमलं. नळी नवी आली तरी तिच्या मागची बॉडी आणि बोल्ट शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडाचे आहेत. ते त्या वेळच्या काडतुसाच्या दाबासाठी बनवलेले. तीनशे आठचा दाब कितीतरी जास्त. तो दाब नळीतून पुढेच जातो असं नाही, मागेही येतो. आणि मागे कोण असतं? ज्याच्या गालाला दस्ता लागलाय तो.

म्हणून सात सत्तावन्नच ठेव. काडतूस महाग पडलं तर पडू दे, मालक मोत्यांच्या घरातला आहे. शिवाय लायसनवर जे लिहिलंय तेच राहतं, नवे कागद करावे लागत नाहीत.

मालकानं हट्ट धरला तर त्याला आपल्या दुकानाचा रिवाज सांग. पहिला बार मिस्त्रीचा. ज्यानं नळी बसवली त्यानं बंदूक आधी स्वतःच्या खांद्याला लावायची. मी जन्मभर हेच केलं. ज्याला आपल्या कामाचा भरवसा नाही त्यानं गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक देऊ नये.

मामी लाडू पाठवायचं म्हणते आहे. पुढच्या खेपेला.

रावजी


मुहर्रक
१९ डिसेंबर २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र विनीतनं बरोबर पोचवलं, वर्षअखेरीला तो पुन्हा गावी येतोय, हेही त्याच्याच हाती देतोय. पण मालक तुमच्या पुढे धावला. पत्र यायच्या आधीच त्यानं नळी मागवली होती, परवान्यानं, आतून तयार, तीनशे आठची. मी त्याला दाबाचं सांगितलं. खरं सांगू? अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, बूड सेम, बोल्ट सेम, तुम ही नाप के बोला." मीच मोजून सांगितलं होतं.

मग मला एक युक्ती सुचली, आणि तीच माझ्या गळ्यात आली. मला वाटलं, रिवाज सांगितला की तो विचारात पडेल, म्हणेल मिस्त्रीच्या जिवाला घोर नको, राहू दे. म्हणून म्हणालो, "आमच्यात पहिला बार मिस्त्री उडवतो." मामा, तो इतका खूश झाला! उठून मला मिठी मारली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, याला म्हणतात कारागीर. आता दिवससुद्धा ठरला. शुक्रवार, १६ जानेवारी. दक्षिणेला वाळवंटात नेमबाजीची परवानगी असलेली जागा आहे, तिथे. लायसनवरचं काडतूस बदलायला त्यानं अर्जही दिलाय. तेवढी मंजुरी आली की जायचं.

नळी मी बसवली. छान बसली. कमाल म्हणाला, कारखान्यातून आल्यासारखी दिसते. काम वाईट झालं असतं तर निदान तेवढं कारण सांगता आलं असतं.

मला भीती वाटते, मामा. साधीसुधी नाही. परवा दीप्तीला बँकेचे पासवर्ड आणि विम्याचे कागद कुठे आहेत ते लिहून दिलं. तिनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, वर्षअखेर आहे, सगळं नीट ठेवावं. स्पृहाला शाळेत सोडताना तिचा चेहरा रोज नीट बघून घेतो. ती म्हणते, "बाबा, why are you staring?" काय सांगू तिला?

तुम्ही जन्मभर पहिला बार उडवलात. तुम्हाला भीती वाटायची का? खांदा कसा ठेवायचा, मान किती मागे घ्यायची, तेवढं लिहा. बाकी माझं मी बघतो.

सुयोग


गडहिंग्लज
७ जानेवारी २०२६

सुयोग,

तू उडवायचं नाहीस.

आमच्या मेधाकडून तुला फोन करवला, तर तू माझ्या पोरीला म्हणालास, "मामा म्हातारे झाले, घाबरतात." हो, घाबरतो. बापाच्या जागी आहे म्हणून सांगतोय, ती रायफल तुझ्या खांद्याला लागता कामा नये. तुझ्याच काय, कुणाच्याच नको.

मालक ऐकतच नसेल तर असं कर. ट्रकचा जुना टायर घे, रायफल त्यावर पक्की बांध, चापाला लांब दोरी लाव आणि सगळे आडोशाला जा. दस्त्याच्या मागे, माणसाचं डोकं येतं तिथे, जाड फळी उभी कर. काय उडतं ते फळी सांगेल. आणि तीन बार. एकावर कुणालाही पुढे जाऊ देऊ नकोस. लोखंड पहिल्या बाराला गप्प बसतं.

माझा रिवाज विसर. मी काय लिहिलं होतं ते फाडून टाक. कारण विचारू नकोस.

रावजी


गडहिंग्लज
७ जानेवारी

सुयोगबाळा,

हा कागद लाडवांच्या डब्यात तळाला ठेवते आहे. ह्यांना ठाऊक नाही. विनीतला निरोप दिलाय, डबा तुझ्याच हातात दे आणि समोर उघडायला सांग. फोनवर हे सांगितलं असतं तर मेधाला कळलं असतं, आणि तिला यातलं काही माहीत नाही. तुलाही नाही. तुझी आई आणि मी, दोघींनी तीस वर्षं तोंड शिवून घेतलं.

तुझ्या बाबांचा डोळा साखर कारखान्यात गेला नाही. आपल्या दुकानाच्या मागच्या परड्यात गेला.

शहाण्णव साल होतं. आजऱ्याकडचे एक बडे गिऱ्हाईक जुनी रायफल घेऊन आले. त्यांना नळी बदलून तीस-झीरो-सिक्स हवी होती, कारण ते काडतूस सहज मिळायचं. बूड सारखं होतं. ह्यांनी मोजलं आणि बसवली. पण मनातून धास्तावले होते. आदल्या दिवशी जेवले नाहीत. गिऱ्हाईक जीप घेऊन दारात उभे, "चला, उडवून दाखवा." दाजींची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, ते सहज आले होते. आणि हे म्हणाले, "दाजी, तुमचा नेम चांगला, तुम्हीच उडवा."

दाजी हसत पुढे झाले. दोन बार नीट गेले, तिसऱ्याला बोल्टचा तुकडा उडाला तो सरळ डोळ्यात.

मी पदर धरून बसले होते त्यांच्याजवळ, जीपमध्ये. कोल्हापूर येईपर्यंत दाजी एकच सांगत होते, "वहिनी, कारखान्यात झालं म्हणा. नाहीतर रावजीचं लायसन जाईल." पुढे तेवीस वर्षं जगले, एकदाही त्यांनी ह्यांना बोल लावला नाही. तेच ह्यांना सोसवत नाही.

बाळा, आपल्या दुकानात रिवाज वगैरे काही नव्हता. त्या दिवसानंतर ह्यांनी एकही नळी बदलली नाही. पहिला बार मिस्त्रीचा, मी जन्मभर उडवला, हे ते दाजी गेल्यावर बोलायला लागले. बोलून बोलून आता त्यांना ते खरं वाटतं. तू पत्रात "खांदा कसा ठेवायचा" असं विचारलंस ना, ते वाचून हे देवापुढे जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. डोळ्याचं ऑपरेशनही करून घेत नाहीत. म्हणतात, दाजींनी एका डोळ्यावर काढली, मला काय झालंय.

मालकाला काय सांगायचं ते सांग, पाया पड, नोकरी गेली तर घरी ये. पण उडवू नकोस.

रत्नामामी


मुहर्रक
१७ जानेवारी २०२६

ती. मामा आणि मामी, दोघांनाही,

मी धड आहे. दोन्ही डोळ्यांनी हे लिहितो आहे.

मामा, मामीचं पत्र मला डब्यात मिळालं, हे लपवत नाही. तिला काही बोलू नका. बुधवारी विनीतनं एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये डबा दिला. गाडीत बसून वाचलं आणि गाडी सुरू करता येईना. विनीत म्हणाला, "घरी कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, कुणीतरी परत आलं.

गुरुवारी फहादच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, मी खोटं बोललो. मी दुकानात झाडू मारायचो. नळ्या माझे मामा बसवायचे, आणि त्यांनी बसवलेल्या एका नळीनं माझ्या वडिलांचा डोळा घेतला. तेव्हाही बूड सारखंच होतं.

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुम बोला था, पहला गोली तुम. अब खौफ?"

"हां. बहुत खौफ," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं मी कुणाला बोललो नसेन.

तो चिडला. मित्रांना बोलावलं होतं, मंजुरी हातात होती, त्याचं नाक कापलं जात होतं. शेवटी म्हणाला, ठीक आहे, बांधून एक बार उडव, दुसरा मी हातानं उडवतो. व्हिसाचं नंतर बघू. हे "नंतर बघू" मला चांगलं समजलं.

काल सकाळी वाळवंटात गेलो. टायर, तो माझ्या खांद्याच्या उंचीला उचलायला दोन पिंपं, बोटीची दोरी, आणि कमालनं वर्कशॉपातून आणलेली जुनी सागवानी फळी. मी ती माझ्या उंचीला मापून उभी केली. आम्ही गाडीमागे गेलो. मी दोरी ओढली.

काही झालं नाही. एक स्वच्छ आवाज आला, वाळू उडाली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. फहाद हसत उठला, "खलास! देखा?" आणि रायफलकडे चालायला लागला.

मामा, मी धावत गेलो आणि त्याच्या आडवा उभा राहिलो. मालकाचा दंड धरला. मित्रांसमोर. म्हणालो, "तीन. मेरा मामा तीन लिखा है." त्यानं हात झटकला, पण थांबला. दुसऱ्या बाराला आवाज तसाच. बोल्ट उघडताना मात्र हाताला अडकला. मी त्याला ते सांगितलं. तिसऱ्या वेळी दोरी त्यानं स्वतः ओढली.

तो आवाज वेगळा होता. तुम्हाला माहीत असेल.

जवळ गेलो तेव्हा बॉडीला तडा गेलेला आणि बोल्टचा पुढचा भाग जागेवर नव्हता. फळीत होता. मी खिशातून व्हर्नियर काढलं, सवयीनं. अठरा मिलिमीटर आत, सागवानात. मी फळीसमोर उभा राहिलो. बरोबर माझ्या उजव्या डोळ्याच्या पातळीला.

फहाद वाळूत बसला. मग त्यानं विचारलं, "तुम्हारा बाप का कौन सा आँख?" मी बोट दाखवलं. घरी सोडताना म्हणाला, "जा, बेटी को देख."

स्पृहा दारातच होती. तिला उचलून घेतलं आणि मी रडलो. ती म्हणाली, "बाबा, you smell like crackers."

मामा, आता तुम्ही लिहा. रिवाजाचं नको. त्या दिवसाचं लिहा.

सुयोग


गडहिंग्लज
२ फेब्रुवारी २०२६

सुयोग,

तीन वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला.

मामीनं लिहिलं ते सगळं खरं. एकच तिला ठाऊक नाही. दाजींनी रायफल हातात घेतल्यावर मला हळूच विचारलं होतं, "रावजी, घाबरलायस का?" मी म्हणालो, "नाही." मी नाही म्हणालो, सुयोग. हो म्हणालो असतो तर त्यांनी ती खाली ठेवली असती. गिऱ्हाइकासमोर मला ते म्हणवलं नाही. एक शब्द होता फक्त.

तू म्हणालास. मालकापुढे, नोकरी पणाला लावून म्हणालास. तुझं पत्र मी एका डोळ्यानं किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही.

माझ्याबद्दल तुला काय वाटायचं ते वाटू दे. मी काही मागत नाही.

रावजी


मुहर्रक
१३ फेब्रुवारी २०२६

ती. मामा,

व्हिसा रिन्यू झाला. फहादनं तुटलेली रायफल रीतसर जमा केली. ती फळी मात्र त्यानं मागून घेतली आणि माझ्या लेथच्या वर भिंतीला ठोकलीय, खालच्या कडेला "तीन" असं अरबीत खडूनं लिहून. नवीन माणूस आला की त्याला दाखवतो.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. खोटं कशाला सांगू? दोन दिवस खूप राग होता. मग आठवलं, बाबा तुमच्याबरोबर बाजारात जायचे तेव्हा तुम्ही यायच्या आधीच उजव्या बाजूला जागा सोडून उभे राहायचे. त्यांना सगळं माहीत होतं आणि तरी ते जागा सोडून उभे राहायचे. मी त्यांच्यापेक्षा शहाणा कशाला होऊ?

एप्रिलमध्ये सुट्टीवर येतोय. आल्याबरोबर तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन. भीती वाटत असेल तर हो म्हणा, मी आत येऊन बसतो. आणि पट्टी निघेपर्यंत बाजारात एकटं जायचं नाही. मी तुमच्या उजव्या बाजूनं चालेन.

सुयोग